गोड दुधीच्या बियांतून कडू वेल : मिरजेतल्या एका परसबागेचं प्रकरण

मिरजेच्या जुन्या वस्तीतलं हे घर. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना एका पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, उलट्या-जुलाब होऊन दवाखान्यात दाखल करावं लागलं. निमित्त ठरला सकाळी उपाशीपोटी घेतलेला दुधीचा रस. दुधी बाजारातला असता तर विकणाऱ्याला चार शब्द सुनावून विषय मिटला असता. पण तो परसातल्या मांडवावरचा होता आणि वेल आजींनी स्वतः धरलेल्या बियांची होती. त्या बियांचा दुधी हे घर कित्येक वर्षं खात आलं होतं, एकदाही कडू निघाला नव्हता. मग याच वर्षी काय झालं? परसबागेच्या कामामुळे माझं या घरी जाणं-येणं आहे, म्हणून त्यांनी मला विचारलं. शोध घेताना जे हाती लागलं ते घरचं बी धरणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. नावं आणि पेठ मुद्दाम दिलेली नाही.

आजींचं बी

परस जेमतेम अर्ध्या गुंठ्याचा. मागच्या भिंतीला लागून बांबू आणि तारेचा मांडव, त्यावर दुधी. एका कुंपणावर कारलं, दुसऱ्यावर घोसाळं. खाली वांगी, टोमॅटो, मिरची आणि थंडीत घेवडा. आजींचं माहेर तासगाव तालुक्यातलं. दुधीचं बी तिथून आलेलं. फिकट हिरवा, हातभर लांब, अंगावर मऊ लव असलेला आणि पटकन शिजणारा असा हा दुधी. बाजारात असा सहसा दिसत नाही.

बी धरायची रीतही माहेरचीच. हंगामाच्या शेवटी मांडवावर एक दुधी राखायचा. कवच कडक होऊन आत बिया खुळखुळू लागल्या की देठासकट काढून स्वयंपाकघरात तुळईला टांगायचा. चूल होती तोवर धुरामुळे कीड लागत नसे. चूल गेल्यावर आजी बिया काढून राखेत घोळवून डब्यात ठेवू लागल्या. आणखी एक शिस्त त्यांनी कधी मोडली नाही. बी सगळं पेरायचं नाही, पाऊस दगा देईल म्हणून दर वर्षीचं थोडं मागे ठेवायचं. प्रत्येक वर्षाची पुरचुंडी वेगळी. पुढे ही शिस्तच या घराला तारून गेली.

गेली काही वर्षं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आजी वाट्या-डब्यांऐवजी बियांच्या पुड्या वाटतात. दुधी, घेवडा, वांगी. गल्लीतल्या बायका कौतुकाने नेतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, प्रकरणाचा अवघड भाग तिथेच आहे.

रसाचा पेला

आजोबांना मधुमेह आहे. सकाळी कारल्याचा किंवा दुधीचा रस, हा त्यांचा नेम. त्या दिवशी दुधीचा रस पहिल्या घोटालाच कडू लागला. वहिनींनी, म्हणजे घरच्या सुनेने, विचारलंही, "बाबा, तोंड वाकडं का केलंत?" त्यावर त्यांचं उत्तर, "कडू हाय, म्हणजे औषधच हाय की." रोज कारलं पिणाऱ्या माणसाला कडू चवीची भीती वाटण्याचं कारण नव्हतं. त्यांनी पाऊण पेला संपवला.

अर्ध्या-पाऊण तासात पोटात कळा सुरू झाल्या, मग उलट्या, मग जुलाब. दवाखान्यात पोचेपर्यंत रक्तदाब उतरला होता. डॉक्टरांनी सकाळपासून काय खाल्लं ते विचारलं आणि दुधीचा रस म्हटल्याबरोबर पुढचा प्रश्न केला, "रस कडू होता का?" सलाईन लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं, आजोबा बरे होऊन घरी आले. वेळेवर नेलं म्हणून निभावलं. यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. शरीरातलं पाणी आणि रक्तदाब सांभाळणं हाच उपचार.

दुधी, काकडी, कारलं, भोपळा या सगळ्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. जंगली वेलींमध्ये ती भरपूर, कारण फळाला किडी-जनावरांपासून वाचवायला ती लागतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांच्या बिया धरत धरत खाण्याच्या वाणांतून ती जवळजवळ काढून टाकली. कारल्याचा नेहमीचा कडूपणा वेगळ्या घटकांचा, त्याने असं होत नाही. दुधी कडू लागणं मात्र धोक्याची खूण आहे. दिल्लीत दुधीचा रस पिऊन मृत्यू झाल्याच्या बातम्यांनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली. तिचं म्हणणं २०१२ साली प्रसिद्ध झालं, त्यात स्पष्ट सांगितलं आहे की रस काढण्याआधी दुधीचा लहान तुकडा चाखून पाहावा, कडू असेल तर टाकून द्यावा, दुसऱ्या रसात मिसळू नये आणि त्रास झाल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा. शिजवल्यानेही हा कडूपणा जात नाही. रसात तो जास्त बाधतो कारण एका पेल्यात अख्खा दुधी पोटात जातो आणि तोही रिकाम्या पोटी.

मागाहून वहिनींना आठवलं की चार दिवसांपूर्वीच्या थालीपीठात कडवट लागलं होतं. पिठात मेथ्या जास्त पडल्या असतील असं समजून सगळ्यांनी दह्याबरोबर खाल्लं होतं.

कारलं, पेंड की पाणी?

मी गेले तेव्हा गल्लीने निकाल लावून ठेवला होता. बहुतेकांचं बोट कारल्याकडे. कारल्याची वेल दुधीच्या मांडवाला भिडली होती, त्यामुळे कारल्याचा कडूपणा दुधीत उतरला, असं शेजारच्या काकूंचं ठाम म्हणणं. काहींनी निंबोळी पेंडीला दोष दिला, कारण वहिनींनी आळ्यात ती घातली होती. आजींच्या भाच्याने पाण्याचं कारण काढलं: जुलैत पावसाने उघडीप दिली, वेलीला ताण बसला, म्हणून कडू.

कारल्याचं काढून टाकते. कारलं आणि दुधी एकाच कुळातले असले तरी त्यांच्या प्रजाती वेगळ्या आहेत. एकाचा पराग दुसऱ्यावर पडला तरी बी धरत नाही. लाल भोपळा आणि दुधी, काकडी आणि दुधी यांचंही तसंच. शेजारी लावल्याने चव बदलत नाही. निंबोळी पेंडीतले कडू घटक मुळांवाटे फळात येऊन त्याची चव बदलतील, हेही संभवत नाही. महाराष्ट्रभर वेलवर्गीय भाज्यांना पेंड घालतात. पाण्याच्या ताणाचं मात्र उडवून लावता येत नाही. काकडीवर्गात ऊन आणि कोरड यांच्या ताणाने कडवटपणा वाढतो. म्हणून तेवढं तपासायला हवं होतं.

मांडवावर तीन वेली होत्या. एकाच पुरचुंडीतल्या बिया, एकाच दिवशी लावलेल्या, एकाच नळीचं पाणी, एकच पेंड. मी प्रत्येक वेलीचा एकेक कोवळा दुधी कापून देठाकडच्या बाजूची चकती घेतली, जिभेच्या टोकाला लावली, थुंकले, चूळ भरली. पहिल्या वेलीचा दुधी जिभेला लागताक्षणी इतका कडू की चव बराच वेळ गेली नाही. मधल्या वेलीचा चक्क गोड. तिसऱ्या वेलीचा पुन्हा कडू. पाण्याच्या ताणाचं कारण असतं तर तिन्ही वेलींत थोडाफार कडवटपणा आला असता. एक पूर्ण गोड आणि दोन जहर कडू, म्हणजे फरक बियांतच होता.

दुसरा पुरावा डोळ्यांसमोर लोंबत होता. मधल्या वेलीचे दुधी आजींच्या नेहमीच्या घाटाचे, सरळ आणि लांब. कडू वेलींचे वरून निमुळते, खाली फुगीर. आजी म्हणाल्या, "मला वाटलं खत जास्त झालं, म्हणून पोट सुटलं त्येंचं." आकारातला हा बदल खताचा नव्हता. दुसऱ्या कुठल्या तरी भोपळ्याचं रक्त या वेलींत आलं होतं आणि तो भोपळा गोल, पोटाचा असणार.

गल्लीतला दुसरा भोपळा

मिरजेत गोल, पोटाचा, कडू भोपळा कुठून येणार, हे मिरजकरांना सांगायला नको. सतारमेकरांच्या कारखान्यांत तंबोरा आणि सतारीसाठी वाळलेले भोपळे रचून ठेवलेले असतात. ते बहुतेक पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. वनस्पतीच्या दृष्टीने तो आपल्या दुधीचाच सख्खा भाऊ, एकच जात, फक्त वाण वेगळं: मोठं, गोल, जाड सालीचं आणि कडू. कडूपणामुळे त्याला किडा लागत नाही, वाद्य पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या वाद्यांच्या नादात या कडू भोपळ्याचाही वाटा आहे. खाण्याच्या दुधीशी त्याचा संकर मात्र अगदी सहज होतो.

आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात चार घरं पलीकडे गच्चीच्या कठड्यावरून एक भोपळ्याची वेल खाली उतरली होती, हे आजींच्या नातीला आठवलं. त्या घरातला मुलगा गाणं शिकतो. कारखान्यात भोपळा कापत असताना आतल्या बिया त्याने हौसेने आणल्या आणि कुंडीत लावल्या. वाळलेल्या भोपळ्यातल्या बिया बरीच वर्षं जिवंत राहतात. वेल जोमाने वाढली, पांढरी फुलं लागली, दोन मोठे भोपळे धरले. सगळ्या गल्लीने कौतुक केलं, त्यात आजीही होत्या. कुणाची काही चूक नव्हती, असं मला मनापासून वाटतं. आपल्या वाद्याचा भोपळा आपण वाढवावा असं मुलाला वाटणं तर फार चांगलं आहे.

आजींना मात्र पटेना. त्यांचा प्रश्न बिनतोड होता: "मी बी धरलं तो दुधी गोड हुता. शेजारचा मी स्वतः भाजीला चिरला हुता. गोडाच्या पोटी कडू कसं येईल?"

घरचं बी धरणाऱ्याची फसगत नेमकी इथे होते. दुधीचा गर, साल, आकार, चव हे सगळं आईचं, म्हणजे ज्या वेलीवर तो लागला तिचं. पराग कुठूनही आलेला असो, त्या वर्षीच्या फळात तो दिसत नाही. तो फक्त आतल्या बियांत असतो. गोड वेलीवर कडू भोपळ्याचा पराग पडला तर दुधी गोडच निघतो, आपण समाधानाने त्याचं बी धरतो, आणि पुढच्या वर्षी त्या बियांतून उगवलेली वेल कडू फळं देते, कारण दुधीत कडू गुण बहुतेक वेळा गोड गुणावर वरचढ ठरतो. एका दुधीत शेकड्याने बिया असतात आणि प्रत्येक बीला वेगळा परागकण लागतो. काही बियांना घरच्या वेलीचा पराग मिळाला, काहींना चार घरं पलीकडचा. म्हणून एकाच पुरचुंडीतून एक गोड आणि दोन कडू.

रात्रीची ये-जा

"पण आमच्या दुधीवर मधमाश्या येतच नाहीत," नातीने सांगितलं. "घोसाळ्यावर सकाळी नुसती गर्दी असते, दुधीवर एक नाही." निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चुकला होता. दुधीचं फूल पांढरं असतं आणि ते संध्याकाळी उमलतं. घोसाळं, काकडी, लाल भोपळा यांची पिवळी फुलं पहाटे-सकाळी उमलतात, त्यांची माश्यांची वर्दळ आपल्या डोळ्यांसमोर होते. दुधीचा पराग मुख्यतः पतंग वाहून नेतात, अंधार पडल्यावर, आपण आत जेवायला बसलेलो असताना. चार घरांचं अंतर पतंगाला काहीच नाही.

बीजप्रमाणीकरणाच्या देशातल्या नियमांत दुधीच्या पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून पुढचं बियाणं तयार करतात) दुसऱ्या दुधीपासून १,००० मीटर आणि प्रमाणित बियाण्यासाठी (जे शेतकऱ्याला पेरायला मिळतं) ५०० मीटर अंतर सांगितलं आहे. अर्धा किलोमीटर म्हणजे मिरजेच्या जुन्या वस्तीत दोन-तीन पेठा. तेवढ्या टापूत कुणाच्या गच्चीत काय लावलंय हे कोण बघणार? टोमॅटोला हेच अंतर ५० आणि २५ मीटर पुरतं, कारण टोमॅटोचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतं. घेवड्याला त्याहून कमी. वांगं आणि मिरची मधल्या गटातली, त्यांचा बऱ्यापैकी संकर होतो. तिखट मिरचीशेजारच्या ढोबळीचं बी पुढच्या वर्षी तिखट निघालं तर नवल नाही. पण वांग्या-मिरचीत घडलेल्या संकराने चव बिघडते, माणूस आजारी पडत नाही. म्हणून सगळ्या भाज्यांचं बी एकाच पद्धतीने धरण्याला माझा विरोध आहे. घेवडा डोळे मिटून धरा. दुधी, काकडी यांच्या वाटेला जायचं तर तयारीने जा.

राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाल्यापासून गावठी बियांबद्दल शहरातही आदर वाढला आहे, पुड्यांची देवघेव वाढली आहे. हे व्हायलाच हवं होतं. कायदाही आडवा येत नाही. २००१ चा पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क देतो. छापील नाममुद्रेखाली विकण्यालाच काय ती मनाई. पण वाडीवस्तीवर, जिथे आसपास एकच वाण वर्षानुवर्षं लावलं जातं, तिथे जी रीत निर्धोक असते ती दाट वस्तीत आणून तशीच चालवली तर धोका होतो. आजींच्या माहेरी अख्ख्या वस्तीत तोच दुधी होता. पतंग कुठूनही कुठेही गेला तरी पराग गोडाचाच. मिरजेत रीत तीच राहिली, आजूबाजू बदलली.

वाटलेल्या पुड्या

आता संक्रांतीकडे येते. कडू वेली ज्या बियांतून उगवल्या तीच पुरचुंडी फोडून आजींनी त्या जानेवारीत पुड्या वाटल्या होत्या. हे लक्षात आल्यावर आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग सुनेला म्हणाल्या, "वही काढ." हळदीकुंकवाला कोण कोण आलं होतं त्याची यादी वहिनींनी आठवून आठवून लिहिली आणि दोघी संध्याकाळभर फोन करत बसल्या.

जे समोर आलं ते मला या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बऱ्याच जणींनी पुडी अजून फोडली नव्हती. काहींनी मृगात लावली होती, फळं यायची होती. पण दोन घरी उन्हाळी दुधी म्हणून फेब्रुवारीतच बी टोकलं होतं आणि मे महिन्यात त्यांचे दुधी कडू निघाले होते. त्यांनी वेल उपटून टाकली आणि गप्प राहिल्या. का सांगितलं नाही असं विचारल्यावर एक जण म्हणाल्या, "वाण दिलेल्याला नावं कशी ठेवायची? मला वाटलं माझ्याच हाताला गुण नाही." मे महिन्यात हे कळलं असतं तर ऑगस्टचा प्रसंग टळला असता. बी देणं हे आपल्याकडे मायेचं आणि मानाचं काम असल्यामुळे त्याची तक्रार परत येत नाही. बी देणाऱ्यानेच आपण होऊन विचारलं पाहिजे, काय लागलं, कसं निघालं, गोड की कडू.

सगळ्यांना एकच सांगितलं: पुडीतलं बी फेकून द्या, पण उकिरड्यावर नको, तिथे ते उगवेल, जाळा किंवा उकळत्या पाण्यात टाका. वेल लावलेली असेल तर पहिल्या दुधीची चकती चाखा आणि कडू असेल तर वेल मुळासकट काढा. गोड निघाली तर दुधी खुशाल खा, बी मात्र धरू नका.

पुन्हा पहिल्यापासून

पुढे काय करायचं यावर घरात मतभेद झाले. मुलगा म्हणाला, दर वर्षी विकतचं बी आणू, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं 'सम्राट' आहे, 'पुसा नवीन' आहे, 'अर्का बहार' आहे. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. संध्याकाळी मांडवाखाली अर्धा तास देणारं कुणी घरात नसेल तर मीही हाच सल्ला देते. ही सरळ वाणं आहेत, परका पराग लागू न देता त्यांचं बी धरलं तर तसंच येतं. संकरित बियांचं तसं नसतं, दुसऱ्या पिढीत रंग-रूप विस्कटतं. पण आजींना तासगावचाच दुधी हवा होता आणि नातीने फुलांचं काम अंगावर घेतलं.

बी दोन ठिकाणांहून मिळालं. एक, आजींच्या मागे ठेवलेल्या पुरचुंड्यांतून. गच्चीवरची वेल येण्याआधीच्या वर्षाचं बी त्यात होतं. ओल्या कापडात गुंडाळून उगवण पाहिली, निम्म्याहून थोडं जास्त उगवलं. प्रमाणित दुधी बियाण्याला किमान ६० टक्के उगवण लागते, त्या मानाने जुन्या बियांनी लाज राखली. दुसरं, माहेरच्या वस्तीतून, जिथे तो दुधी अजून लावतात. दोन्हीच्या वेली शेजारी शेजारी वाढवल्या. सगळं बी एकाच वेलीचं झालं तर वाण दुबळं पडत जातं. काकडीवर्गाला याचा फटका मक्याइतका बसत नाही, तरी दोन-तीन वेलींचा पराग वापरलेला बरा.

गच्चीवरच्या मुलाने त्या पावसाळ्यात भोपळा लावला नाही. कुणी बजावलं नव्हतं, आजोबा दवाखान्यात होते हे त्याला कळलं होतं. तरीही फुलं बांधायची, म्हणजे परका पराग आत जाऊ नये म्हणून कळ्या दोऱ्याने बांधून पराग हाताने लावायचा, हे ठरलं ते ठरलंच, कारण अर्ध्या किलोमीटरातल्या बाकीच्या गच्च्यांची हमी कोण देणार?

आधी प्रत्येक वेलीचा पहिला दुधी चाखला. सगळे गोड. त्यानंतरच फुलांना हात लावला. दुधीवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी. नर फूल लांब, बारीक देठावर उभं. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा केसाळ दुधी आधीपासून असतो, त्यामुळे ओळखायला चूक होत नाही. आज संध्याकाळी कोणती कळी उमलणार हे दुपारी चारच्या सुमाराला कळतं: हिरव्या पुष्पकोशातून पाकळ्यांचं पांढरं टोक बाहेर येतं आणि कळी सैल, फुगीर दिसते. नात त्या वेळी मांडवाखाली जाऊन एक मादी कळी आणि दुसऱ्या वेलीवरच्या दोन नर कळ्या गजऱ्याच्या दोऱ्याने टोकाशी हलकेच बांधते. कळी उमलू पाहते, पण पतंगाला आत शिरता येत नाही.

सातच्या पुढे, दिवा लावून, नर कळी देठासकट खुडायची, पाकळ्या मागे वळवायच्या. आतला पिवळा दांडा बोटाला लावला की भुकटी चिकटते, म्हणजे पराग तयार आहे. मादी कळीचा दोरा सोडायचा, आत जाडसर तीन खंडांचा भाग दिसतो, त्यावर नराचा दांडा सगळीकडून फिरवायचा, मग दुसऱ्या नराचाही. लगेच मादी फूल पुन्हा बांधायचं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सोडायचं नाही. देठाला लाल लोकरीचा धागा बांधून ठेवायचा, नाहीतर हा दुधी कुणी तरी कौतुकाने भाजीला काढतं. पावसाच्या संध्याकाळी हे काम फुकट जातं, पराग भिजला की बी धरत नाही. बरेच बांधलेले दुधी चार दिवसांत पिवळे पडून गळलेही. म्हणून हंगामात दहा-बारा फुलं तरी बांधावी लागतात, तेव्हा तीन-चार फळं हाती लागतात.

आणखी एक सवय बदलली. आजी हंगाम संपताना जो उरेल तो दुधी बियांसाठी सोडत. सगळीकडे हेच करतात, कारण सुरुवातीचे चांगले दुधी खायला काढलेले असतात. म्हणजे दर वर्षी आपण सर्वांत उशिराच्या, बरेचदा वेड्यावाकड्या फळाचं बी निवडतो आणि वाणाला हळूहळू तसंच घडवतो. आता वेल जोमात असताना लागलेला दुसरा-तिसरा दुधी राखतात. तो जून होईपर्यंत वेलीचं नवं फळणं मंदावतं, भाजी थोडी कमी मिळते. दोन महिने तरी तो वेलीवर राहू द्यावा लागतो. देठ वाळला, साल पिवळट-तपकिरी झाली, नख रुतेना, हलवल्यावर आवाज आला, की काढायचा.

बिया काढून धुतल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या पोचट बिया टाकल्या, बाकीच्या सावलीत वाळवल्या. मिरजेच्या दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत हे सोपं जातं. बी दोन बोटांत वाकवल्यावर लवकलं तर अजून ओल आहे, कडकन मोडलं तर तयार. राखेऐवजी आता घट्ट झाकणाची काचेची बरणी आणि तळाला भाजून गार केलेले तांदूळ, उरलीसुरली ओल शोषायला. बरणीवर चिठ्ठी: वर्ष, कोणती वेल, फूल बांधलेलं की मोकळं, वेलीचा दुधी चाखला की नाही.

त्या बांधलेल्या बियांची वेल पुढच्या पावसाळ्यात मांडवावर चढली. सगळे दुधी सरळ, लांब, गोड निघाले. तरी स्वयंपाकघरातला नियम तसाच आहे: दुधी घरचा असो की मंडईतला, रसाचा असो की भाजीचा, आधी चकती जिभेला लावायची. दोन गोड वाणांच्या संकरातूनही क्वचित कडू निघू शकतो, त्यामुळे या नियमाला सुट्टी नाही. आजोबा रस अजून घेतात. चकती त्यांच्या हातात दिल्याशिवाय वहिनी मिक्सर लावत नाहीत.

गेल्या संक्रांतीला आजींनी पुड्या वाटल्या त्या घेवड्याच्या. दुधीचं बी फक्त दोघींना दिलं, ज्या संध्याकाळी फुलं बांधायला तयार आहेत त्यांना, आणि श्रावणात दोघींच्या मांडवाखाली जाऊन पहिला दुधी चाखून येणार असल्याचं तेव्हाच सांगून ठेवलं.